फुटबॉलचा मॅनेजर ठेवावा की काढावा?



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो पगार, बोनस आणि टाळेबंदी यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही फुटबॉलवर बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे शिक्षण यंत्रमागांच्या गल्लीत, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणि नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा पंडिताची भाषा आमच्याकडून निघणार नाही. पण माणसाला कामावर ठेवावे की काढावे, या एका प्रश्नात आमची तीस वर्षे गेली आहेत, आणि आजचा विषय नेमका तोच आहे.

फुटबॉल म्हणजे काय हे करवीरकरांस सांगावयास नको. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने सुरू झाले की पेठापेठांतून दुसरा विषय नसतो. पाटाकडील असो, दिलबहार असो, खंडोबा किंवा प्रॅक्टिस असो, संघ दोन सामने ओळीने हरला की रात्री कट्ट्यावर एकच ठराव पास होतो : "कोच बदला!" हा ठराव बरोबर की चूक, याचा विचार आम्ही आज इंग्लंडातील एका लहान क्लबाच्या उदाहरणावरून करणार आहोत. इतक्या लांबचे उदाहरण घेण्यास दोन कारणे आहेत. एक तर तो क्लब कोणा शेठजीचा नसून गावकऱ्यांच्या सभेचा आहे. दुसरे असे की, तो प्रश्न २०१६ साली पडला आणि त्याचे पुढे काय झाले हे आता सर्वांस ठाऊक आहे. निकाल हाती असलेल्या खटल्याचा अभ्यास करणे केव्हाही सोपे.

प्रथम थोडी माहिती. इंग्लंडात व्यावसायिक फुटबॉलची एक शिडी आहे. सर्वांत वर २० क्लबांची प्रीमियर लीग. तिच्याखाली प्रत्येकी २४ क्लबांच्या तीन श्रेणी. असे एकूण ९२ क्लब होतात. प्रत्येक हंगामाअखेर काही क्लब वर चढतात, काही खाली उतरतात. चौथ्या श्रेणीतले शेवटचे दोन ९२ च्या बाहेर पडतात. बाहेर पडले म्हणजे लीगकडून मिळणारा पैशाचा हिस्सा आटतो, प्रेक्षक रोडावतात, पोरे शिकवण्याची शाळा चालवणे कठीण होते. तळाच्या क्लबाला पराभवाची भीती वाटते ती अब्रूची कमी आणि भाकरीची अधिक, ती यामुळे.

दुसरे, तेथला 'मॅनेजर' म्हणजे नुसता शिकवणारा कोच नव्हे. अकरा जण तो निवडतो, कोणास आणावयाचे आणि कोणाचा करार संपवावयाचा यात त्याचा शब्द मोठा असतो. आमच्या श्रोत्यांत मुंबईच्या गिरण्या पाहिलेली वडीलधारी मंडळी असतील, त्यांस जुना जॉबर आठवेल. कामावर घेणारा तोच, बसवणारा तोच, आणि साहेबापुढे हात जोडून उभा राहणाराही तोच. फुटबॉलचा मॅनेजर हा असा नोकर आहे आणि मालकही आहे. त्याची बाजू घेताना ही दुसरी गोष्ट विसरून चालणार नाही.

आता आमच्या क्लबाकडे येऊ. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात एक्सेटर नावाचे जुने शहर आहे. तेथील एक्सेटर सिटी हा क्लब २००३ साली लीगमधून बाहेर फेकला गेला, आणि त्याच सुमारास तो कर्जात बुडालेला आढळला. कारभाऱ्यांवर फौजदारी झाली. तेव्हा क्लबाच्या प्रेक्षकांनी जी सभासद-संस्था काढली होती तिने पुढे होऊन क्लब ताब्यात घेतला. दर महिन्यास थोडी थोडी वर्गणी देणारे कारकून, शिक्षक, दुकानदार हे मालक झाले. आपल्याकडे सहकारी संस्था निघाल्या त्याच जातीची ही गोष्ट. जानेवारी २००५ मध्ये चषक स्पर्धेत या लीगबाहेरच्या संघाने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ०-० असे अडवले. घरच्या मैदानावरील फेरसामना ०-२ असा गेला खरा, पण दोन्ही सामन्यांच्या उत्पन्नाने कर्जाचा मोठा भार हलका केला.

जून २००६ मध्ये क्लबाने पॉल टिस्डेल या तरुण गृहस्थास मॅनेजर नेमले. पहिल्याच वर्षी संघ अंतिम सामन्यात हरला. २००८ साली अंतिम सामना जिंकून लीगमध्ये परतला. २००९ साली आणखी एक पायरी चढून तिसऱ्या श्रेणीत गेला. २०११ साली तेथे आठवा आला. ज्या गावाने क्लब मेला असे धरले होते, त्या गावाला हे स्वप्नच होते. पुढे उतरण लागली. २०१२ साली संघ पुन्हा चौथ्या श्रेणीत उतरला. त्यानंतरच्या चार हंगामांत त्याचे स्थान दहावे, सोळावे, दहावे आणि चौदावे असे राहिले. पोहावयाचे नाही आणि बुडावयाचेही नाही, असा प्रकार. मध्येच २०१४ च्या उन्हाळ्यात क्लबाची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा पगार भागवण्यासाठी खेळाडूंच्या युनियनने क्लबास कर्ज दिले. १९०७ सालापासून चालत आलेली ही युनियन. तिने १९६१ साली आठवड्यास २० पौंडांची कमाल पगाराची अट संपाची नोटीस देऊन मोडून काढली होती. त्याच युनियनने मालक अडचणीत असता गाडा चालू ठेवला. कामगार संघटना कारखाने बुडवतात असे म्हणणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण वहीत टिपून ठेवावे.

आणि मग २०१६ चा शरद ऋतू आला. संघ चौथ्या श्रेणीच्या तळाशी गेला. ९२ क्लबांत ९२ वा. टिस्डेल यांचे हे अकरावे वर्ष. सभासदांत दोन तट पडणे क्रमप्राप्तच होते. दोन्ही बाजूंस जे म्हणता येते ते आपण प्रामाणिकपणे मांडू.

काढावा म्हणणाऱ्यांचा पक्ष असा. दहा वर्षे हा माणूस आहे, त्याचे सांगणे खेळाडूंना पाठ झाले आहे. चार वर्षे क्लब जागच्या जागी आहे. आता लीगमधून पडलो तर २००३ ची अवकळा पुन्हा येईल. शिवाय त्याचा करार दोन वर्षांचा 'सरकता' आहे. म्हणजे आज पाहावे तर दोन वर्षे शिल्लक, पुढल्या वर्षी पाहावे तरी दोन वर्षे शिल्लक. काढावयाचे झाले तर दोन वर्षांच्या पगाराचा हिशेब क्लबापुढे उभा राहतो. ज्या क्लबात खेळाडूंचे करार एकेक वर्षाचे, तेथे मॅनेजरला असे कवच कशासाठी?

ठेवावा म्हणणाऱ्यांचा पक्ष असा. क्लब गरीब आहे. तयार झालेला खेळाडू विकूनच तो जगतो. जानेवारी २०१५ मध्ये मॅट ग्राइम्स हा पोरगा स्वान्सीला विकला, त्याची किंमत साडेसतरा लाख पौंडांच्या आसपास छापून आली होती. दर वर्षी उत्तम बैल विकावयाचा आणि शर्यत का हरलो म्हणून गाडीवानाला विचारावयाचे, हा कोणता न्याय? शिवाय पोरांची शाळा हे सावकाश पिकणारे पीक आहे. आपल्या कोल्हापूर भागात आडसाली ऊस तुटावयास दीड वर्ष लागते. सहाव्या महिन्यात उपटून साखरेचा उतारा कोणी तपासत नाही.

क्लबाने काय केले? त्या हंगामात टिस्डेल यांस सरकता करार संपवण्याची नोटीस दिली. म्हणजे दोन वर्षांचे घड्याळ सुरू झाले. परंतु मैदानावरून त्यांस हटवले नाही. संघ त्यांच्याच हाती ठेवला. आम्हांस हा निर्णय फार आवडतो. आमच्या चळवळीतल्या काही मित्रांस नवल वाटेल की, नोकराच्या विरुद्ध दिलेल्या नोटिशीची आम्ही वाहवा कशी करतो. पण नोकरीचे संरक्षण म्हणजे कायमचे वतन नव्हे. कारण सांगून, मुदत देऊन, कराराप्रमाणे पैसे देऊन केलेला बदल आणि शनिवारच्या पराभवानंतर रविवारी दाखवलेला दरवाजा, यांत आम्ही आयुष्यभर भेद करीत आलो आहोत. आणि आम्ही पंचवीस खेळाडूंचीही युनियन आहोत, एकट्या मॅनेजरची नव्हे. ज्याच्या सहीने दुसऱ्याचा करार संपतो त्याच्या करारालाही शेवट असला पाहिजे.

पुढे काय झाले ते ऐका. तळाचा संघ चढू लागला. ऑली वॉटकिन्स नावाचा क्लबाच्या शाळेतलाच वीस-एकवीस वर्षांचा पोरगा धडाधड गोल करू लागला. लीगचा त्या वर्षीचा उत्तम तरुण खेळाडू तोच ठरला. हंगामाअखेर एक्सेटर पाचवे आले आणि मे २०१७ मध्ये वेम्बलीवर बढतीच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूलकडून १-२ असे हरले. त्या उन्हाळ्यात वॉटकिन्स विकला गेला. तो गेला असतानाही पुढल्या वर्षी संघ चौथा आला आणि पुन्हा वेम्बलीवर, या वेळी कॉव्हेंट्रीकडून, १-३ असा हरला. मग जून २०१८ मध्ये, बारा वर्षे पुरी करून, टिस्डेल स्वतःच दुसऱ्या क्लबाकडे गेले. एक्सेटरने त्यांच्या जागी क्लबाचाच जुना कप्तान मॅट टेलर याला नेमले, आणि २०२२ साली त्याने संघ तिसऱ्या श्रेणीत चढवला. वॉटकिन्स २०२० साली ॲस्टन व्हिलाकडे मोठ्या रकमेस गेला, तेव्हा जुन्या कराराप्रमाणे त्यातला हिस्सा एक्सेटरलाही मिळाला. १० जुलै २०२४ रोजी युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात हॉलंडविरुद्ध अखेरच्या क्षणी गोल मारून इंग्लंडला ज्याने अंतिम फेरीत नेले, तो हाच वॉटकिन्स. ऊस तुटला तो असा.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, "ठरले तर मग! मॅनेजर कधीच काढू नये." थांबा. एका उदाहरणावरून कायदा करणे हा कट्ट्याचा धर्म आहे, व्याख्यानमालेचा नव्हे. ठेवा म्हणणारे म्हणतील, ठेवला म्हणून संघ सुधारला. काढा म्हणणारे म्हणतील, नोटीस बसली म्हणून सुधारला. दोघांचेही पुराव्याने सिद्ध होत नाही. तिसरी शक्यता अशी की, तो संघ मुळात ९२ वा नव्हताच. काही दुखापती, काही दुर्दैवी सामने, यांनी तो तळाशी गेला होता आणि आपोआप आपल्या जागी परत यावयाचाच होता.

आमच्या व्यवसायातली एक गोष्ट सांगतो. एका कारखान्यात कापड कमी निघू लागले म्हणून मालकाने जॉबर बदलला. आठ दिवसांत कापड वाढले. मालक खूश, नव्या जॉबरला शाबासकी मिळाली. आम्ही मागवाल्यांस विचारले, तर कळले की त्याच आठवड्यात सुताची नवी गाडी आली होती. आधीचे सूत कच्चे, घडोघडी तुटणारे. माग चालत त्याहून अधिक वेळ उभेच राहत. जुना जॉबर राहिला असता तरी कापड वाढलेच असते. पण तो घरी बसला, आणि वड्याचे तेल वांग्यावर निघाले ते निघालेच.

फुटबॉलमध्ये हेच चालते काय, हे हॉलंडातील एका अर्थशास्त्रज्ञाने १९८६ ते २००४ या काळातील सामने घेऊन तपासले. मॅनेजर काढण्याआधी संघाचे निकाल घसरलेले असतात आणि काढल्यावर सुधारतात, हे त्यांस दिसले. मात्र त्यांनी आणखी एक यादी केली : तितकेच घसरलेले, परंतु मॅनेजर न काढलेले संघ. तेही तितकेच सुधारले होते. म्हणजे सुताची गाडी आलीच होती. शाबासकी मात्र नव्या जॉबरला मिळत होती. दुसरीकडे, स्टीफन शिमान्स्की या अर्थशास्त्रज्ञाने इंग्लंडच्या क्लबांचे हिशेब तपासून दाखवून दिले की, अनेक वर्षांची सरासरी घेतली तर क्लबाचे स्थान खेळाडूंच्या पगारावर होणाऱ्या खर्चाप्रमाणेच बव्हंशी ठरते. पगारात विसावा असलेला क्लब विसावा आला तर मॅनेजरने काही बिघडवलेले नाही, आणि दहावा आला तर त्याने पदरचे काही घातले आहे.

मग मॅनेजर म्हणजे शोभेचा बाहुला काय? तसेही नाही. लँकेशायरमध्ये ॲक्रिंग्टन नावाचे पूर्वी कापडगिरण्यांचे असलेले छोटे गाव आहे. तेथे बनलेली सूतकताईची यंत्रे एके काळी मुंबईच्या गिरण्यांत चालत. त्या गावचा जुना क्लब १९६२ साली पैशाअभावी लीग सोडून बसला होता. १९६८ साली तो पुन्हा उभा केला गेला. १९९९ पासून जॉन कोलमन या मॅनेजरने तो पायरीपायरीने चढवून २००६ साली लीगमध्ये परत आणला, आणि मधल्या खंडानंतर परत येऊन २०१८ साली चौथ्या श्रेणीचे विजेतेपदही मिळवून दिले. एवढ्या लहान क्लबाने हे करणे पगाराच्या हिशेबात बसत नाही. असा माणूस मिळाला तर क्लबाने त्यास जपावे. आणि तरी त्यांनाही मार्च २०२४ मध्ये निरोप दिला गेलाच.

उलट बाजूचेही उदाहरण देणे आमचे कर्तव्य आहे. एक्सेटरला बारा वर्षे टिकलेले तेच टिस्डेल नंतर काय झाले? मिल्टन कीन्स येथील क्लबास त्यांनी २०१९ साली बढती मिळवून दिली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांस काढले गेले. पुढे ब्रिस्टल रोव्हर्सने त्यांस तीन महिन्यांत काढले. तरी तो क्लब तळाशी जाऊन उतरलाच. स्टीव्हनेजने मार्च २०२२ मध्ये, चार महिन्यांच्या आत काढले. तो क्लब मात्र वाचला, आणि पुढल्याच वर्षी नव्या मॅनेजरच्या हाताखाली बढती घेऊन गेला. माणूस एकच, निकाल तीन तऱ्हेचे. तेव्हा 'काढणे नेहमी चूक' असे म्हणणारा आमच्याकडून पाठिंबा मागू लागेल तर तो आम्ही देणार नाही.

आणि एक गोष्ट, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. मॅनेजरवर भांडत असताना मालकाकडे कोणाचे लक्ष नसते. बरी हे पूर्वीच्या लँकेशायरमधलेच दुसरे जुने गिरणगाव. तेथील क्लब १८८५ सालचा. दोनदा राष्ट्रीय चषक जिंकलेला. २०१९ च्या वसंतात त्यांचा मॅनेजर यशस्वी ठरला, संघ बढती मिळवून तिसऱ्या श्रेणीत चढला. त्याच वेळी खेळाडूंचे पगार थकले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये, नव्या हंगामाचा एकही लीग सामना न खेळता, बरीला लीगमधून काढून टाकण्यात आले. १३४ वर्षांचा क्लब! मॅनेजर उत्तम, खेळाडू उत्तम, आणि गावातल्या पोरांना शनिवारी जावयास मैदान उरले नाही. ज्यांनी गिरण्यांची भोंगे बंद होताना पाहिली आहेत त्यांस याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. गिरणी बुडत असते तेव्हा मॅनेजर दोन-तीन वेळा बदललेला असतोच. हिशेबाची वही मात्र कोणी उघडून दाखवत नाही.

तेव्हा ठेवावा की काढावा, याचे आमचे उत्तर असे. सभासदांनी आधी चार गोष्टी विचाराव्यात. पहिली : आपण पगारावर किती खर्च करतो आणि त्या मानाने आपली जागा कोणती? दहा सामन्यांचे नव्हे, तीन हंगामांचे पाहावे. दुसरी : खेळाडू, विशेषतः तरुण पोरे, याच्या हाताखाली सुधारतात की कुजतात? तिसरी : याच्या जागी कोण येणार, आणि बदलाचा खर्च कोणत्या खात्यातून निघणार? जो माणूस आपल्या खिशात नाही त्याच्याशी तुलना करून घरच्या माणसाला हिणवू नये. चौथी : निर्णय कोण घेणार आणि कोणत्या नियमाने? तो नियम संघ जिंकत असताना लिहून ठेवलेला असावा. हरल्यानंतर लिहिलेला नियम हा नियम नसतो, राग असतो. पोरांचा छळ किंवा पैशाची अफरातफर झाली तर यातले काहीच लागू नाही. तेथे चौकशी करून तात्काळ दूर करावे.

एक्सेटरच्या बाबतीत या चारही प्रश्नांचे उत्तर 'ठेवा, पण करार मुदतीचा करा' असे येत होते, आणि सभासदांच्या क्लबाने तेच केले. संघ सुधारला म्हणून तो निर्णय योग्य ठरला असे आम्ही म्हणत नाही. संघ पडला असता तरी आम्ही त्यास योग्यच म्हटले असते, कारण तो हिशेब पाहून, मुदत देऊन आणि शब्द पाळून घेतला होता. निकाल आपल्या हाती नसतो; रीत आपल्या हाती असते.

हे सर्व फुटबॉलपुरतेच आहे काय, हे आपण घरी जाताना ठरवावे. आपल्या तालमीचा कोच आहे, वाचनालयाचा कार्यवाह आहे, पतसंस्थेचा व्यवस्थापक आहे. आणि आम्ही स्वतःही आहोत. करार मनाजोगता झाला नाही की आमच्याही सभेत मागच्या बाकावरून आवाज येतो, "पुढारी बदला!" तो आवाज आम्हांस नकोसा वाटत नाही. आमचे एवढेच मागणे असते की आधी वही उघडा, चार प्रश्न विचारा आणि मग हात वर करा. बहुमत झाले तर आम्ही मुदत संपवून, कागदपत्रे सोपवून बाजूला होऊ, आणि पुढच्या रविवारी मागच्या बाकावर येऊन बसू.